कॅमेरा रात्री आपोआप वळला, कोणी बघतंय का?

प्रश्न: दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, मुलगा पुण्याला असतो म्हणून त्याने दिवाळीत हॉलमध्ये वायफायवाला कॅमेरा बसवून घेतला, तर परवा रात्री तो आपोआप देवघराकडे वळला आणि मुलगा म्हणतो मी फिरवलाच नाही. हे म्हणतात प्लग काढून टाक. काय करू?
– एक वाचक, बडोदे

उत्तर: ताई, दरवेळी हॅकरच असतो असं नाही हं, बऱ्याच कॅमेऱ्यांत हालचाल दिसली की तिकडे वळायची सेटिंग असते, घरात मांजर येते का? ॲपमध्ये मोशन ट्रॅकिंग चालू आहे का बघा. पण पासवर्ड बदलेपर्यंत प्लग काढलेलाच बरा, यजमानांचं बरोबर आहे. खरी भानगड तिथेच असते, बसवणारा घाईत कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच ठरावीक साठेक पासवर्ड लावून बघत लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले, त्यांच्या जोरावर ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळले, आणि ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताच नाही! कॅमेरा बंद-चालू केला की मिराई निघून जायचा, पण पासवर्ड तोच असला की थोड्याच वेळात परत हजर.

म्हणून मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन कॅमेरा नि राउटर दोन्हींचे पासवर्ड बदला, अपडेट आलं असेल तर टाका, आणि ॲपमध्ये कोणकोणते फोन लॉगिन आहेत ते बघून अनोळखी फोन काढा. एखादा खरंच निघाला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.