नानांचं पोटॅशियम आणि कंपाउंडरचं 'सगळं नॉर्मल'

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले. वडील (नाना) ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. गावातल्या डॉक्टरांकडे रक्त दिलं, ते तिथून सांगलीला लॅबला जातं नि रिपोर्ट डॉक्टरांच्या मोबाइलवर येतो. दोन दिवस काही निरोप नाही म्हणून मीच फोन केला तर कंपाउंडर म्हणाला सगळं नॉर्मल हाय. महिन्याने नानांना मिरजेला दाखवायचं ठरलं म्हणून रिपोर्टची प्रिंट मागून घेतली तर पोटॅशियम ५.९ आणि पुढे एच, म्हणजे जास्त! मिरजेत परत रक्त दिलं तर ४.६. कुणाचं खोटं? आणि रिपोर्ट मागितला की डॉक्टरांना वाटतं आमचा विश्वास नाही, मग मागायचा कसा?

उत्तर : ताई, ४.६ म्हणजे व्यवस्थित आहे, साधारण ३.५ ते ५ चालतं. आणि खोटं बहुतेक कुणाचंच नसेल. महिन्याभरात नानांचं पोटॅशियम खरंच खाली आलं असेल, नाहीतर सांगलीच्या मशीनने बरोबरच मोजलं पण तोवर बाटलीतलं रक्तच बदललं होतं.

मी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत त्यामुळे हे रोजचं. पोटॅशियम रक्ताच्या पेशींच्या आत ठासून भरलेलं असतं, बाहेर अगदी थोडं, आणि आपण मोजतो ते बाहेरचं. सकाळी ८ ला काढलेलं रक्त नेणारं पोरगं चार दवाखाने फिरत दुपारी सांगलीत पोचलं की तोवर आतलं पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं. बर्फाच्या डब्यात ठेवलं म्हणजे रक्त चांगलं राहतं असं सगळ्यांना वाटतं, पण पोटॅशियमचं उलटं आहे, गारठ्यात पोटॅशियम आत ओढून धरणारा पेशीचा पंप मंदावतो आणि गळती वाढते. खरं तर रक्त गोठलं की तिथंच मशीनमध्ये फिरवून वरचं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करून पाठवायला पाहिजे. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाक करायला लावली किंवा बारीक सुईने घाईत ओढलं तरी आकडा वर जातो. पेशी फुटल्या असतील तर चांगली लॅब रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा मारते, तुमच्या प्रिंटवर खाली बघा बरं. साखरेचं याच्या उलट, पेशी ती खात बसतात, साध्या बाटलीत तासाला ५ ते ७ टक्के कमी होते, म्हणून तिच्यासाठी राखाडी टोपणाची वेगळी बाटली असते. ती नसली तर डायबेटिसवालासुद्धा कागदावर ठणठणीत दिसायचा!

पण म्हणून ५.९ ला 'काय नाय हो, वाटेतलं असेल' म्हणून सोडायचं नाही हां. बीपीच्या काही गोळ्यांनी, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे, पोटॅशियम खरंच वाढतं, किडनी थकली असेल तर अजूनच, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. असा आकडा आला की त्याच दिवशी कळवून रक्त परत घ्यायचं, ईसीजी काढायचा. तुमच्याकडे महिना गेला, आणि मला राग आहे तो याचा. कंपाउंडर बिचारा काय बघणार, त्याला कुणी सांगितलं असेल तेच त्याने सांगितलं. त्यात निरोप आला नाही म्हणजे सगळं चांगलं असं आपणही धरून चालतो, रिपोर्ट कुणी उघडलाच नाही असंही होतं की.

आता मागायचा कसा. भांडायला जाऊ नका, डॉक्टर रात्री-अपरात्री धावून येणारे असतील तर त्यांना दुखवून चालत नाही. रक्त देतानाच विचारा, 'रिपोर्ट कधी येईल, आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकायला सांगाल का, मिरजेच्या फाइलला लावायचाय.' फाइलचं नाव काढलं की कुणाला राग येत नाही, माझा अनुभव आहे. आणि हक्काचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं आहे, पण ते शेवटी काढायचं हत्यार. नानांचे जुने रिपोर्ट पण जमवून ठेवा, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा) १.३ आलं तर गेल्या वर्षी ते ०.९ होतं का १.३ च होतं यावर सगळं अवलंबून असतं, नुसत्या एका कागदावरून डॉक्टर तरी काय सांगणार.

प्रश्न : उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर सकाळच्या गोळ्या घ्यायच्या का? आणि चहा?

उत्तर : चहा नाही, बिनसाखरेचा पण नाही. पाणी भरपूर प्या, शीर लवकर सापडते. बीपीची गोळी सहसा पाण्याबरोबर घेतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊन बसू नका, रांगेतच चक्कर येऊन पडाल, जेवणाबरोबर कधी घ्यायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. थायरॉइड तपासायचं असेल तर ती गोळी रक्त दिल्यावर घ्या. आणि नुसतं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, असेल तर उपाशी राहायची गरजच नाही, पोहे खाऊन जा.