वाचकांचे प्रश्न: विज्ञानाच्या इतिहासात रिसर्च करायचाय, पण दार कुठलं ठोठवायचं?

प्रश्न: माझं एम.एस्सी. फिजिक्स झालंय. प्रयोग करण्यापेक्षा जुन्या लोकांनी मोजमापं कशी घेतली आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास का ठेवला, हे शोधायला मला जास्त आवडतं. घरचे म्हणतात हा छंद झाला, करिअर नाही. या विषयात सध्या खरंच काही करता येतं का, आणि फिजिक्सवाल्याला कोण घेईल? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: करता येतं, आणि तुमचं फिजिक्स वाया तर मुळीच जाणार नाही. एकच उदाहरण सांगतो, मुंबईचंच. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, पुढे केरो लक्ष्मण छत्र्यांसारखी माणसं तिथे कामाला होती. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेलं मोठं चुंबकीय वादळ जगभर जाणवलं, तारायंत्रं बिघडली, आणि त्या वेळी कुलाब्यात कुणीतरी चुंबकीय क्षेत्राचं रीडिंग डोळ्यांनी घेऊन हाताने आकडे लिहीत होतं. त्या वह्या पडून होत्या. २००३ साली नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतले आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले शास्त्रज्ञ एकत्र आले, त्यांनी हे आकडे घेऊन पेपर लिहिला आणि दाखवलं की कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं होतं. आज पॉवर ग्रिड आणि सॅटेलाइटला धोका किती हे ठरवताना लोक या आकड्याकडे बघतात.

आता तुमचा प्रश्न इथेच सुरू होतो. एका ठिकाणचं रीडिंग अख्ख्या पृथ्वीसाठी धरायचं का? घसरण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विजेच्या वलय-प्रवाहामुळे होती की ध्रुवीय प्रकाशाशी जोडलेले प्रवाह विषुववृत्ताकडे इतके खाली सरकले होते, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. रीडिंग किती वेळाने घेतलं, उपकरण कसं होतं, निरीक्षकाला शिकवलं कुणी, हा झाला इतिहास. आणि एवढ्या पुराव्यावर किती मोठा दावा करता येतो, हे झालं तत्त्वज्ञान. हे दोन्ही ज्याला जमतं आणि मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण, कसा चालतो हेही कळतं अशी माणसं फार कमी आहेत, म्हणून म्हणतो फिजिक्स सोडू नका. (पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय मोजणीचं काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. शहर आणि विज्ञान यांच्या ओढाताणीवर तिथेच एक अख्खा थीसिस आहे.)

दार कुठलं? आपल्याकडे या नावाचे डिपार्टमेंट शोधत बसलात तर निराश व्हाल, कारण विषय वेगवेगळ्या पाट्यांखाली विखुरलाय. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएच.डी. होते आणि तिथे विज्ञानाचा इतिहास-तत्त्वज्ञान गंभीरपणे घेतात, एम.एस्सी.वाल्यांना तो रस्ता सोपा पडतो. आयआयटी बॉम्बेमध्ये संस्कृतातल्या गणित-खगोलशास्त्रावर काम करणारा गट आहे, पण त्यासाठी संस्कृत हवं, ते येत नसेल तर उगाच नको. दिल्लीत जेएनयूमध्येही या विषयाची माणसं आहेत. इन्सा म्हणजे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं विज्ञानाच्या इतिहासावरचं जर्नल १९६६ पासून निघतंय, त्याचे मागचे पाच-सहा अंक वाचा, कोण कशावर काम करतंय आणि गाइड म्हणून कुणाला लिहायचं हे आपोआप कळेल. आधी प्रश्न, मग माणूस, मग संस्था, या क्रमाने जा, उलट गेलात की दोन वर्षं फॉर्म भरण्यात जातात.

पैशांचं सांगतो, घरी तोच विषय निघतो. यूजीसीची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. इतिहासाला आयसीएचआर आणि तत्त्वज्ञानाला आयसीपीआर वेगळ्या फेलोशिप देतात. मात्र मास्टर्स एका विषयात आणि पीएच.डी. दुसऱ्यात, इथे बऱ्याच विद्यापीठांत गाडी अडते, तेव्हा पात्रतेचं कलम शब्दन् शब्द वाचूनच अर्ज करा. बाहेर जायचं असेल तर केंब्रिजचा या विषयातला एमफिल नऊ महिन्यांचा आहे, उट्रेख्टचा मास्टर्स दोन वर्षांचा, आणि दोन्हीकडे विज्ञानातून आलेली मुलं नेहमीची. बर्लिनची माक्स प्लांक विज्ञान-इतिहास संस्था नंतर बघा, ती मुख्यतः रिसर्च सुरू झालेल्यांसाठी.

त्याआधी एक उन्हाळा अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काढा. मुंबईत टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) अर्काइव्ह आहे, बंगळुरूला एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात २०१९ ला सुरू झालेलं अर्काइव्ह आहे. दिवसभर जुनी पत्रं वाचून संध्याकाळी कंटाळा येतो की मजा वाटते, हे तिथे बसल्यावरच समजेल.

प्रश्न: मुलगी कोल्हापुरात तत्त्वज्ञानात बी.ए. करते. म्हणते विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकायचंय. गणित बारावीनंतर सुटलंय. जमेल का, आणि नोकरी? (एक आई)

उत्तर: जमेल, पण ताई, एक विज्ञान तिला आतून शिकावं लागेल, नुसतं विज्ञानाबद्दल वाचून भागत नाही. गणिताचा धाक असेल तर जीवशास्त्र किंवा वैद्यक घेऊ दे, सोबत बेसिक स्टॅटिस्टिक्स. विषय घरच्या अंगणात आहेत. १८९७ च्या जानेवारीत जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना दिली, न घेतलेल्यांशी तुलना केली. स्वतःहून पुढे आलेले आणि मागे राहिलेले यांची तुलना कितपत धरायची? आणि तुरुंगातल्या होकाराला होकार म्हणायचं का? यावर ती एम.ए.चा प्रबंध लिहू शकते, आणि तो आजच्या औषध चाचण्यांशीही बोलेल. पुढे आयआयटी बॉम्बे, आयआयटी कानपूर इथे तत्त्वज्ञानात पीएच.डी. होते. नोकरीचं खोटं सांगणार नाही, प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि वाट बघावी लागते. म्हणून अर्काइव्ह, सायन्स म्युझियम, विज्ञान पत्रकारिता यातलं एखादं काम तिने शिकता शिकताच करून बघावं.

प्रश्न: मी निवृत्त आहे, मोडी वाचता येते. पीएच.डी. नाही. माझा काही उपयोग? (एक वाचक, सांगली)

उत्तर: काका, तुमच्यासारख्यांचीच तर टंचाई आहे! पुण्याचं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, इथली मोडी कागदपत्रं लढाया आणि तहांसाठी पुष्कळ वाचली गेली, पण पाऊस, रोगराई, वैद्य, औषधांची खरेदी, विहिरी-बंधाऱ्यांचे हिशोब या नजरेने फार कमी. तिथल्या कुणा संशोधकाबरोबर जोडी जमवा, तुम्ही वाचा, तो मांडेल, पण पेपरवर तुमचं नाव येईल हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. मोडी येत नसलेल्या वाचकांसाठीही सांगतो, १९२८ पासूनच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे जुने अंक बघा, मराठी वाचकापर्यंत आधुनिक विज्ञान कसं पोचलं याचा मोठा साठा त्यात आहे. आणि तुमच्या गावात कुणा पंचांगकर्त्याच्या किंवा वैद्याच्या घरी वह्या असतील तर जागेवरच मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक फोटोबरोबर वही कुणाची, कुठल्या खोलीत, कुठल्या क्रमाने होती ते लिहा. क्रम मोडला तर निम्मी माहिती जाते. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका.