घुबडं मोजायची ती कानांनी: वाचकांचे प्रश्न

हिवाळा हा आपल्याकडच्या बऱ्याच घुबडांचा विणीचा किंवा त्याच्या तयारीचा काळ. हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला साद घालण्यासाठी ती याच दिवसांत जास्त बोलतात. त्यामुळे स्वयंसेवकांनी रात्रीची मोजणी कशी करावी, असं विचारणारे प्रश्नही आत्ताच आले आहेत.

प्रश्न : गौताळा अभयारण्याच्या कडेच्या गावांतले आम्ही सात-आठ जण आहोत. मोजणी सुरू करायची आहे. किती ठिकाणी थांबायचं, किती वेळ? (कन्नड)

आधी आठ जणांचे दोन गट करा. चारपेक्षा जास्त माणसं एका ठिकाणी गप्प उभी राहत नाहीत.

प्रत्येक गटाने एक कच्चा रस्ता निवडून त्यावर आठ थांबे ठरवायचे, दोन थांब्यांत किमान एक किलोमीटर अंतर ठेवून. शांत रात्री शृंगी घुबडाचा आवाज याहूनही लांब जातो, म्हणून अंतर कमी केलं की एकच पक्षी दोनदा मोजला जातो. थांबे दिवसाउजेडी जाऊन पक्के करा आणि मोबाइलच्या जीपीएसवर साठवा. पिंपळाखाली थांबा घेऊ नका, त्याची पानं जराशा वाऱ्यानेही सळसळतात. उभ्या उसाच्या बांधावर आणि चालू मोटारपंपाजवळही नको. रब्बीत शेतीची वीज रात्री आली की पंप तासन्‌तास चालतो आणि शिंगळा घुबडासारखा हळू आवाज त्यात पार बुडून जातो.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करा. डिसेंबरात म्हणजे साधारण सव्वासहा-साडेसहाला. थांब्यावर गाडी बंद, दिवे बंद, दार आपटायचं नाही. पहिलं एक मिनिट फक्त उभं राहायचं, नोंद करायची नाही. तुमच्या येण्याने गप्प झालेलं रान तेवढ्यात पुन्हा बोलायला लागतं. मग पाच मिनिटं ऐकायचं. एकाने घड्याळ पाहायचं, एकाने लिहायचं, बाकीच्या दोघांनी पाठीला पाठ लावून दोन दिशांना तोंड करायचं. कानामागे तळवे धरले की दिशा नीट कळते. नायलॉनचं विंडचीटर घालू नका, ते हलताना चुरचुरतं. सुती किंवा लोकरी कपडे बरे.

कागदावर प्रत्येक मिनिटाचा वेगळा रकाना हवा. आवाज आला की जात, होकायंत्रावरची दिशा अंशांत आणि अंदाजे अंतर लिहा. अंतराचे तीनच गट पुरेत: शंभर मीटरच्या आत, शंभर ते तीनशे, त्यापलीकडे. अंधारात याहून बारीक अंदाज खरा नसतो. पुढच्या थांब्यावर तोच आवाज आल्यासारखं वाटलं तर दोन्ही ठिकाणांहून नकाशावर दिशेच्या रेघा ओढा. त्या एकाच झाडीत छेदल्या तर पक्षी बहुधा एकच.

शिवाय वारा, ढग, गोंगाट आणि तिथी लिहा. काही घुबडं चांदण्यात जास्त बोलतात. वद्य दशमी की शुद्ध द्वादशी एवढं लिहिलं, तरी चंद्र केव्हा आणि किती होता ते नंतर काढता येतं. बारीक फांद्या सतत हलत असतील तर त्या रात्री मोजणी करू नका. गाणी लावून उसाचा ट्रॅक्टर निघाला तर घड्याळ थांबवा आणि तो पुरता लांब गेल्यावर राहिलेली मिनिटं पूर्ण करा. गळीत हंगामात हे रोजचंच आहे.

सगळ्यात जास्त गळणारी नोंद शून्याची. पाच मिनिटांत काहीच ऐकू आलं नाही तर लोक तो कागद कोराच ठेवतात. वर्षभराने कोऱ्या कागदावरून तिथे घुबड नव्हतं की तुम्हीच गेला नव्हतात, हे कळायला मार्ग नसतो. स्पष्ट ‘०’ लिहा. आणि हाच रस्ता नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात किमान तीनदा करा. एकदा उलट्या टोकाकडून सुरू करा, नाहीतर शेवटचे थांबे नेहमी उशिरानेच ऐकले जातात. घुबड असूनही त्या रात्री गप्प राहू शकतं. एका फेरीवरून ‘इथे घुबड नाही’ असं म्हणता येत नाही.

प्रश्न : मुलांना आवाज शिकवायचे आहेत. कुठून सुरुवात करू? (शिक्षिका, अंबाजोगाई)

पिंगळ्यापासून. तो गावातच असतो आणि संध्याकाळी जोडीने ‘चिर्र-चिर्र, चिवक-चिवक’ असं भांडल्यासारखं कचाकचा बोलतो. दुसरं गव्हाणी घुबड. गढी, पडका वाडा, देवळाचं शिखर ही त्याची घरं. आवाज लांबट, खरखरीत किंचाळीसारखा. त्याची पिल्लं घोरल्यासारखा फुत्कार सोडतात आणि लोक साप म्हणून घाबरतात. शृंगी घुबड कड्याकपारीत, नाल्याच्या दरडीत, बंद पडलेल्या खाणीत असतं. ‘बु-हूऽऽ’, दोनच स्वर, दुसरा लांब आणि खोल. जुन्या आमराईतून किंवा चिंचेच्या बनातून थरथरत्या, अंगावर काटा आणणाऱ्या सादा आल्या तर ठिपकेदार वनघुबडाचा विचार करा.

शिंगळा घुबड सगळ्यात जास्त सुटतं. एकच हलका स्वर, मग काही सेकंद थांबून पुन्हा तोच. नवा माणूस त्याला बेडूक समजून सोडून देतो. मुलांना घड्याळ लावून त्या दोन स्वरांमधलं अंतर मोजायला सांगा, कान लगेच बसतो.

घुबड नसलेलेही शिकवाच. फरशीवर गोटी टाकल्यावर टप्पे जसे जवळजवळ येत जातात, तसा ‘चक-चक-चक-र्र्र’ आवाज रातव्याचा. चांदण्या रात्री माळावरून चढत जाणाऱ्या शिट्ट्या करवानकाच्या. शंका असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, हात स्थिर ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी थांब्याचा क्रमांक बोला. ॲपने सुचवलेलं नाव हा पुरावा नव्हे. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी घुबड’ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते शंभर पटीने कामाचं.

प्रश्न : स्पीकरवर घुबडाचा आवाज वाजवला तर उत्तर मिळतं. मग तसंच का करू नये? (लातूर)

उत्तर मिळतं कारण त्याला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. अंडी-पिल्लं सोडून ते तुमच्याकडे येतं. मोठ्या घुबडाचा आवाज लावला तर लहान घुबडं गप्पच होतात, म्हणजे मोजणीही बिघडते. काही ठिकाणी ठरलेल्या आवाजात, ठरलेली सेकंदं, लहान जातींकडून मोठ्या जातींकडे असा क्रम लावून हे करतात. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि जाणकाराशिवाय स्वयंसेवकांनी हे करू नये. नुसतं ऐका.

प्रश्न : आमच्या सागाच्या जंगलात रात्री फिरून रानपिंगळा सापडेल का? (किनवट)

रात्रीची मोजणी ही त्याची पद्धतच नव्हे. रानपिंगळा बराचसा दिवसा हिंडतो, सकाळच्या उन्हात उंच फांदीवर बसतो. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. तो १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. नंतर महाराष्ट्रात तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि तानसा इथून नोंदी झाल्या. शोधायचा असेल तर पानगळीच्या दिवसांत सूर्योदयापासून दहा वाजेपर्यंत फिरा.

घाई करू नका. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं आणि छातीचा वरचा भाग तपकिरी. जंगल पिंगळ्याच्या अंगभर आडवे बारीक पट्टे. स्पष्ट फोटो किंवा रेकॉर्डिंग नसेल तर दावा करू नका.

प्रश्न : परवानगी कुणाची लागते? आणि रात्री धोका कशाचा? (येडशी)

अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. वन्यजीव विभागाच्या विभागीय वन अधिकाऱ्यांकडे तारखा, रस्ता आणि सगळ्यांची नावं देऊन लेखी अर्ज करा, सोबत वनरक्षक मागा. अभयारण्याबाहेरच्या गावांत पोलीस पाटील आणि सरपंचांना आदल्या दिवशी कळवा. अंधारात रस्त्याकडेला गप्प उभी माणसं चोर वाटतात.

बिबट्याची भीती सगळ्यांना असते, पण आधी दोन गोष्टींना घाबरा. पहिली म्हणजे बिनकठड्याची विहीर. दिवसा पाहणी करताना प्रत्येक थांब्याच्या पन्नास पावलांतल्या विहिरी नकाशावर मांडा. दुसरी म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट. म्हणून रात्री रस्ता सोडून शेतात शिरायचं नाही, आवाज कितीही जवळून येऊ दे. दगडाळ माळावर फुरसं असतं, घोट्यावर येणारे बूट घाला. चालताना बॅटरी पांढरीच ठेवा. लाल जिलेटिन कागद फक्त लिहिण्याच्या बॅटरीला लावा. घुबडाच्या डोळ्यांवर झोत मारू नका.

प्रश्न : ढोलीत घरटं सापडलं. ग्रुपवर ठिकाण टाकू का? (परभणी)

नको. अंधश्रद्धेपोटी, विशेषतः दिवाळीच्या आसपास, घुबडं पकडली आणि विकली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. समूहावर तालुक्याचं नाव पुरे, फोटोतली जागाही बंद करा. नेमकी जागा फक्त गटाच्या मूळ वहीत आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे असू द्या. कुणी घुबड विकताना किंवा पिंजऱ्यात ठेवलेलं दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.