आई-वडील सोलापुरात आणि आपण परदेशात असताना सततच्या काळजीचे काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की काही वर्षांपासून तुम्ही जर्मनीत नोकरी करता, आई-वडील विजापूर रोडच्या बाजूला दोघेच राहतात, वडिलांना मधुमेह आहे; मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा तुम्हाला रात्ररात्र झोप लागली नाही, फोनवर ते दोघे मात्र ‘आम्ही मजेत आहोत’ एवढेच सांगतात, आणि आता ही काळजी कामातही आड येऊ लागली आहे. मी सोलापुरात जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर रुग्णांपैकी बऱ्याच जणांची मुले अमेरिकेत, जर्मनीत किंवा आखाती देशांत आहेत, त्यामुळे तुमच्यासारख्यांची काळजी फोनवरून जिथे येऊन पोहोचते, त्या टोकाला मी बसलेला असतो. तिथून जे दिसते ते लिहितो.

पहिली गोष्ट अशी की दूर राहणाऱ्याची काळजी बहुधा बातम्यांच्या मागे जाते, आणि घरातली खरी अडचण बातमीत कधीच येत नाही. सीनेचा पूर मोठा होता यात शंका नाही. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांचे, शेतीचे आणि जनावरांचे अतोनात नुकसान झाले. पण परदेशातल्या फोनवर ते सगळे ‘सोलापूर पाण्याखाली’ एवढ्या दोन शब्दांत पोहोचले, आणि नदीपासून दूर, कोरड्या घरात बसलेल्या आई-वडिलांना अपरात्री उठवून मुले विचारू लागली की पाणी कितव्या पायरीपर्यंत आले. तुमचे नातेवाईक किंवा शेत सीनाकाठी असेल तर ती काळजी योग्यच आहे आणि तिला मदतीचे स्वरूपही देता येते. नसेल तर अशा वेळी जिल्ह्याच्या नकाशावर नदी कुठे आणि आपले घर कुठे हे आधी पाहावे, व्हिडिओ कधीचा आहे ते तपासावे, घरी एक फोन करावा आणि त्या दिवसापुरते थांबावे. सीमेवरच्या संघर्षाबद्दलही तेच; त्या चार दिवसांत सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब वाढला तो बहुतेक दिवसभर चालू असलेल्या टीव्हीमुळे.

आता खरी अडचण कोणती ते सांगतो. आपल्या शहराला उजनीचे पाणी रोज मिळत नाही, चार-पाच दिवसांआड मिळते, आणि तेही कधी पहाटे तर कधी रात्री उशिरा. ज्या घरात तरुण माणूस नाही त्या घरात नळाला पाणी आले की पंचाहत्तरीतला माणूस अर्धवट झोपेत उठून बादल्या, पिंप आणि मोटरच्या मागे लागतो. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहतो, ते बरेचसे अशा वेळचे असतात. दुसरी अडचण उपवासांची. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने एकादशी चुकवायची नाही, आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून मधुमेहाची गोळीही चुकवायची नाही, अशा दुहेरी निष्ठेने दुपारपर्यंत साखर इतकी उतरते की माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि तो असंबद्ध बोलू लागतो. तिसरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांवर असतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या शरीरातले मीठ अशा दिवसांत कमी होते, तो गोंधळल्यासारखा वागतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. या तिन्ही गोष्टींवर जर्मनीत बसूनही उपाय करता येतो, फक्त त्यांची माहिती असायला हवी. पाण्यासाठी मोठी टाकी आणि आपोआप बंद होणारी मोटर बसवणे, न्हाणीघरात धरायला दांडी लावणे, उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद फ्रिजवर चिकटवणे, ही कामे महाग नाहीत. ती करून घेणारे कोणी नसते, एवढेच.

ते तुम्हाला काही सांगत का नाहीत, याचे उत्तर मला दवाखान्यात रोज मिळते. ‘त्याला कशाला सांगता डॉक्टर, तो तिकडं जेवायचा नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता पुढचे शब्द मला आधीच कळतात. पण लपवाछपवी एकाच बाजूने चालते असे समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावल्याची बातमी आली तेव्हा माझे काही रुग्ण मुलाची नोकरी राहील की नाही या चिंतेने आठवडाभर झोपले नव्हते, आणि मुले त्यांना ‘आमचं सगळं ठीक आहे’ एवढेच सांगत होती. दोन्हीकडे माणसे एकमेकांची झोप जपत जागी राहतात.

आपल्याच शहरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले; तिथे असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली, तरी ते परतले नाहीत, आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. भय्या चौकाच्या बाजूला त्यांच्या जन्मघराशी असलेल्या स्मारकात शाळेच्या सहली येतात, पण मागे राहिलेल्या घराने ती वर्षे कशी काढली असतील, हा प्रश्न तिथे फारसा कोणी विचारत नाही. त्या काळी पत्र येईपर्यंत काहीच कळणार नाही हे दोन्ही बाजूंना मान्य होते. आज व्हिडिओ कॉलमुळे आपल्याला घर दिसते असा समज होतो. प्रत्यक्षात दिसतो तो फोनसमोर धरलेला, केस विंचरून बसलेला चेहरा, आणि पायाला आलेली सूज त्या चौकटीच्या बाहेर राहते.

म्हणून ‘कसे आहात’ हा प्रश्न विचारणे सोडून द्यावे, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी रोजच्या आयुष्यातले तपशील विचारावेत. आज नळाला पाणी आले का, आणि ते कोणी भरले? सकाळची साखर किती होती? भाजी आणायला बाबा स्वतः गेले होते की कोणी आणून दिली? जी आई दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला उभी राहते आणि नंतर नातवंडांसाठी गड्ड्याच्या जत्रेत फिरून येते, ती यंदा ‘गर्दी नको वाटली’ म्हणून घरी थांबली असेल, तर तिच्या गुडघ्यांविषयी, धापेविषयी किंवा मनःस्थितीविषयी ती गोष्ट रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त सांगते. मी स्वतः रुग्णाला हेच विचारतो. आणि तुमच्या बाजूचे थोडे खरे तुम्ही आधी सांगितलेत, उदाहरणार्थ कामावर ताण आहे किंवा घरभाडे वाढले आहे, तर समोरूनही थोडे खरे येते, असा माझा अनुभव आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मनीतून तुम्हाला लगेच तिकीट मिळाले तरी विमान आठ-नऊ तासांचे, त्याआधी तुमच्या शहरातून विमानतळ गाठायचा, आणि मुंबईला उतरल्यावर सोलापूर आणखी चारशे किलोमीटरहून अधिक. वंदे भारत मिळाली तरी सहा-साडेसहा तास. म्हणजे काहीही झाले तरी संकटाचा पहिला दिवस तुमचा नसतो, तो सोलापुरातल्या कोणाचा तरी असतो. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. या साडेचार तासांत तुम्ही फार तर विमानतळाच्या वाटेवर असाल. तुमची काळजी मला ज्या रूपात भेटते त्यात बहुतेकदा हा पहिला दिवस मोकळा सोडलेला असतो. मुलाने पैसे पाठवलेले असतात, विमा घेतलेला असतो, घरी रक्तदाब मोजायचे यंत्रही असते, पण रात्री दोन वाजता दार कोण उघडणार हे ठरलेले नसते.

तेव्हा पहिला दिवस कोणाचा हे नाव घेऊन ठरवा, आणि त्या माणसाला तसे स्पष्ट विचारा. ‘काका, जरा लक्ष ठेवा’ असे म्हणण्याला अर्थ नाही, कारण शेजारी त्याला शिष्टाचार समजतात. ‘काका, बाबांना रात्री काही झाले तर १०८ ला फोन करून त्यांना अमुक रुग्णालयात न्यायला तुम्ही याल का, आणि घराची एक किल्ली तुमच्याकडे ठेवू का,’ असे विचारले की होकार किंवा नकार खरा मिळतो. नकार मिळाला तरी राग मानू नये. त्यांचेही वय झालेले असते. अशी दोन माणसे असावीत, त्यांतले एक पन्नाशीच्या आतले असावे, आणि त्यांना उपकाराखाली दबलेले वाटू नये म्हणून खर्चाचे पैसे आधीच त्यांच्या हाती असावेत. कोणते रुग्णालय, तिथे सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग चोवीस तास चालू असतो का, हेही आधी ठरवावे, कारण रुग्णवाहिकेत बसल्यावर त्यावर चर्चा होऊ शकत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे, पण ती माहिती आणि सल्ल्यासाठी. दार उघडायला माणूसच लागतो.

तुमची बहीण किंवा चुलतभाऊ सोलापुरात किंवा पुण्यात असेल तर एक गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगतो. पुष्कळ घरांत मी पाहतो की रोजचे सगळे जवळची मुलगी करते आणि निर्णय मात्र परदेशातला भाऊ देतो. तो मध्यरात्री मला वीस अहवाल पाठवतो, इंटरनेटवर वाचून औषध बदलायला सांगतो, आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बहिणीला काही विचारत नाही. जी व्यक्ती पहिल्या दिवशी तिथे असणार आहे, तिलाच निर्णयाचा अधिकार द्या आणि तसे आई-वडिलांसमोर आणि डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. तीन भावंडे तीन देशांत असतील तर डॉक्टरांशी एकानेच बोलावे. बाकीच्यांनी त्याच्याकडून समजून घ्यावे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. बँकेतले खाते फक्त वडिलांच्या नावावर असेल तर ते अतिदक्षता विभागात असताना आईला स्वतःच्याच घरातले पैसे काढता येत नाहीत, म्हणून ते दोघांच्या नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने पैसे काढू शकेल असे, करून घ्यावे. दोघांपैकी कोणाचे वय ७० पूर्ण झाले असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र सगळी रुग्णालये त्या योजनेत नाहीत, ते आधी पाहावे. इथल्या तुमच्या मालमत्तेसाठी मुखत्यारपत्र तिकडून पाठवणार असाल तर भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे अनेकांना नंतर कळते.

एक विषय कोणीच काढत नाही, म्हणून मी काढतो. आई किंवा वडील गेले तर तुमची वाट पाहायची का? काही घरांत शवागारात ठेवून मुलाची वाट पाहतात, काही घरांत भर उन्हाळ्यात ते नको म्हणून सायंकाळपर्यंत अंत्यविधी उरकतात आणि मुलगा तो फोनवर पाहतो. आपल्याकडे लिंगायत घरांत दफन असते, पद्मशाली घरांची रीत वेगळी, प्रत्येकाच्या मनात काही तरी ठाम असते. मुलांनी विचारले तर म्हातारी माणसे यावर अगदी शांतपणे बोलतात, असे मी पाहिले आहे. घाबरतात ती मुले. आई-वडिलांचे म्हणणे आधी ऐकलेले असेल तर त्या दिवशी भावकीतल्या कोणाचाही शब्द तुम्हाला आयुष्यभर टोचत राहणार नाही.

परत यावे का, असाही तुमचा प्रश्न आहे. तो निर्णय आजारपणाच्या किंवा पुराच्या आठवड्यात घेऊ नका. आई-वडिलांना तिकडे नेण्याचा विचार असेल तर शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि तेवढ्यातही थंडी, भाषा आणि एकटेपणा यांनी कंटाळून परत आलेली जोडपी माझ्या ओळखीची आहेत. तुमची झोप काही आठवड्यांपासून सलग मोडत असेल तर मात्र तिथल्या डॉक्टरांना भेटा. त्याला केवळ घरची ओढ म्हणून सोडून देऊ नका, आणि रात्री अकरानंतर सोलापूरच्या बातम्या पाहू नका, तेव्हा इथे पहाटेचे अडीच-साडेतीन वाजलेले असतात आणि तुम्ही ज्यांची काळजी करता ते झोपलेले असतात.

जानेवारीत तुम्ही येणार आहात असे लिहिले आहे. नातेवाइकांच्या भेटीगाठी सुरू होण्याआधी, पहिल्या दोन-तीन दिवसांतच, वडिलांबरोबर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘माझ्या मुलाला सगळे सांगत जा’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना ऐकवा. रुग्णाने तशी परवानगी दिल्याशिवाय आम्ही सांगत नाही, आणि फोनवरून मागितलेली परवानगी वडील हसून टाळतात. त्याच दिवशी प्लंबरलाही बोलवा.