ग्राहकाकडे चुकतो, आमच्याकडे बरोबर चालतो: चॅटबॉटच्या लॉगमध्ये काय नोंदवावं?

तुमचा रासावर (चॅटबॉट बनवायचं सॉफ्टवेअर) बांधलेला बॉट तुमच्याकडे बरोबर चालतो, पण ग्राहकांना भलतंच उत्तर देतो आणि नंतर तपासायला हाती काहीच राहत नाही, असं तुम्ही लिहिलंय. रासाचा ट्रॅकर स्टोअर, म्हणजे संभाषणं साठवायची जागा, वेगळं काही सांगितलं नाही तर मेमरीतच असतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला की संभाषणं गेली. एंडपॉइंट्सच्या सेटिंग फाइलमध्ये (endpoints.yml) त्याला पोस्टग्रेस डेटाबेस जोडा. आधी हे, बाकी नंतर.

बरेच जण फक्त प्रश्न आणि उत्तर साठवतात. त्यातून चूक झाली एवढंच कळतं, आणि ते ग्राहकानं ओरडून सांगितलेलंच असतं. मधलं हवं: कुठला इंटेंट (ग्राहकाचा हेतू) धरला, त्याचा कॉन्फिडन्स (खात्री, 0 ते 1 मध्ये) किती, दुसऱ्या क्रमांकावर कुठला इंटेंट होता, स्लॉटमध्ये (बॉटनं लक्षात ठेवलेली माहिती) काय होतं, कुठली ॲक्शन (बॉटची कृती) चालली. समजा, ‘ऑर्डर रद्द’ 0.48 आणि ‘ऑर्डर कुठे’ 0.45 असं दिसलं, तर बहुधा त्या दोन इंटेंटची ट्रेनिंगची उदाहरणं एकमेकांत मिसळलीत. हे सगळं ट्रॅकरमध्ये आपोआप येतं. बाहेरच्या एपीआयनं (दुसऱ्या सिस्टिमकडून माहिती मागवायची सोय) काय परत दिलं, ते मात्र ॲक्शन सर्व्हरवर, म्हणजे तुमच्या ॲक्शनचा कोड चालतो तिथे, स्वतः लिहावं लागतं. प्रत्येक ओळीत सेंडर आयडी (संभाषणाची ओळख) टाका, नाहीतर दोन्हीकडच्या नोंदी जुळणार नाहीत. वेळही बघा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर ग्राहकाचे दुपारचे 3 म्हणजे लॉगमधले सकाळचे 9:30.

मराठीची एक खास कटकट आहे. लॉगच्या ओळी जेसन स्वरूपात लिहायचं पायथनचं मॉड्यूल देवनागरी अक्षरांच्या जागी युनिकोडचे आकडे लिहितं, मग ‘परतावा’ शोधलं तर काही सापडत नाही. त्याचं ‘एन्शुअर आस्की’ (ensure_ascii) हे सेटिंग फॉल्स करा आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये उघडा. ग्राहकानं रोमन लिपीत मराठी लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्या. तिथेच बॉट अडखळत असण्याची शक्यता जास्त.

लोक चॅटमध्ये मोबाइल नंबर, ओटीपी, आधार, काहीही टाकतात. ॲक्शनच्या लॉगमध्ये लिहिण्याआधीच ते झाका. रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) 0 ते 9 असा कंस दिलात तर देवनागरी अंक निसटतात. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी (\d) दोन्ही प्रकारचे अंक पकडतं. आधार चार-चारच्या गटांत जागा सोडूनही लिहितात, तेही धरा. डीबग मोड (चुका शोधायला सविस्तर नोंदी ठेवणारा) लाइव्ह सर्व्हरवर चालू ठेवू नका, त्यात ग्राहकांचे मेसेज जसेच्या तसे उतरतात. ट्रॅकरच्या डेटाबेसमध्ये मूळ मजकूर राहतोच, म्हणून तिथे मोजक्यांनाच प्रवेश द्या आणि जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनं पुसा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

जमलं तर चॅटच्या खिडकीत एक छोटा संदर्भ क्रमांक दाखवा. तक्रार करताना ग्राहकानं तेवढा सांगितला की संभाषण शोधत बसावं लागत नाही.