विंडोज 11 टाकलं आणि मॉनिटर गेला

प्रश्न : लॅपटॉप विंडोज 10 वरून 11 वर नेला. तेव्हापासून एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. केबल बदलून पाहिली. मॉनिटरच बिघडला का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सीताबर्डीत नवा मॉनिटर बघायला जाण्याआधी थांबा. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. तरी अंधारच असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत.

खरी गोम बहुधा ड्रायव्हरमध्येच असते. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर मूळ ड्रायव्हर चालत नाहीये, आणि या कामचलाऊ ड्रायव्हरवर दुसरा मॉनिटर सहसा लागत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. इंटेल किंवा एएमडीचं नाव दिसत असेल, तर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून बघा. ते बटण फिकं असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, नवाच टाका.

चित्र आलं, पण 4के मॉनिटरवर माउस अडखळतो? पोर्ट एचडीएमआय 1.4 असेल, तर 4केला 30 हर्ट्झच मिळणार, म्हणजे चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलणार.