प्रश्न तुमचे: मणक्यातल्या शिरेत गोंद भरायचा की ऑपरेशन?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचे हे ६३ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी चर्नी रोडहून घरी येताना वाटेत दोनदा टेकायला लागले. पाय शिशाचे झालेत म्हणायचे, बसलं की बरं वाटायचं. कमरेचा एमआरआय झाला, गादी सरकलीय म्हणाले. पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं. लघवी अडायला लागली, ते प्रोस्टेटच्या खाती गेलं. हल्ली चप्पल पायातून निसटते तरी त्यांना कळत नाही. मे महिन्यात एका हॉस्पिटलात सलाईनमधून स्टिरॉईड दिलं आणि दोन दिवसांत उभं राहणंच गेलं. आता छातीच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ‘ड्युरल ए.व्ही. फिस्ट्युला’ निघालाय. एक डॉक्टर म्हणतात जांघेतून नळी घालून गोंद भरू, दुसरे म्हणतात ऑपरेशनच करा. मुलगा म्हणतो दिवाळीनंतर बघू. रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी देते, तेवढंच माझ्या हातात. हे पुन्हा चालतील का?
— एक वाचक भगिनी, गिरगाव

उत्तर : ताई, आधी मुलाला सांगा, दिवाळी गेली खड्ड्यात. या आजारात गेलेला प्रत्येक आठवडा पायांच्या हिशेबातून वजा होतो.

झालंय काय, ते सांगतो. धमनीतलं रक्त जोरात येतं, शिरेतलं निवांत परत जातं, आणि मधलं केशवाहिन्यांचं जाळं तो जोर मोडतं. यांच्या मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जुळली आहे, मधलं जाळंच नाही. हा चुकीचा जोड म्हणजेच तुमचा फिस्ट्युला. भरतीच्या वेळी हिंदमाताला पाणी का तुंबतं हे मुंबईकराला सांगायला नको. समोरून समुद्र दाबत असतो, गटारातलं पाणी जाणार कुठे? तसंच मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडेना, म्हणून तो सुजलाय. चालताना दाब वाढतो, म्हणून ते वाटेत टेकणं.

पहिल्या डॉक्टरांवर मी फार रागावणार नाही. साठीच्या माणसाच्या कमरेचा एमआरआय काढला तर सरकलेली गादी बहुतेकदा सापडतेच. मज्जारज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो आणि खरं दुखणं त्या जागेच्या वर असतं. नीट काढलेल्या फिल्मवर रज्जूच्या मागे अळ्या वळवळल्यासारखे काळे ठिपके दिसतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत. स्टिरॉईडने असं अचानक बिघडणं ही तर याची ओळखीची खूण. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा, पुन्हा कोणी देऊ नये.

आता हा जोड बुजवणारा गोंद. तो शेवटी फेविक्विकचाच चुलतभाऊ. रक्त लागलं की काही सेकंदांत घट्ट होतो, म्हणून आधी केसाएवढी बारीक नळी ग्लुकोजच्या पाण्याने धुऊन घ्यायची. एक्स-रेवर दिसावा म्हणून त्यात आयोडीन घातलेलं तेल मिसळतात आणि ते तेल असतं खसखशीचं! हे ऐकून आमच्या आईने एकदा विचारलं होतं, मग आमटीत का नाही चालत? खरी कसोटी पुढेच. गोंद जोड ओलांडून शिरेच्या तोंडाशी पोचायला हवा. धमनीतच अडकला तर आजूबाजूच्या फांद्या काही महिन्यांत तोच रस्ता पुन्हा उघडतात. फार पुढे गेला तर मज्जारज्जूचीच शीर बुजते.

पण गोंद की ऑपरेशन, हे आधी ठरवता येत नाही. ते अँजिओग्राफीवर ठरतं. जांघेतून नळी घालून बरगड्यांच्या आणि कमरेच्या धमन्या दोन्ही बाजूंनी एकेक करून तपासतात, दोन-तीन तास सहज जातात. मज्जारज्जूला पुढून रक्त देणारी मोठी धमनी, अॅडमकिविक्झची, बहुधा डावीकडून, छातीच्या खालच्या मणक्यांपाशी निघते. तीच फांदी फिस्ट्युलालाही रक्त देत असली, तर मी स्वतः गोंदाची बाटली उघडत नाही, सरळ सर्जनकडे पाठवतो. ऑपरेशनही तसं मोठं नसतं. मणक्याचं थोडं हाड काढून ती एक शीर बंद करायची. गोंदापेक्षा त्यात कायमचं बंद होण्याची खात्री जास्त, हे मी गोंदवाला असूनही कबूल करतो. १९७७ पर्यंत हा जोड आवरणात असतो हे नीट उमगलेलं नव्हतं, तेव्हा सर्जन मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या शिराच सोलून काढायचे आणि रोगी आणखी बिघडायचा.

म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. त्यांना एवढंच विचारा: अँजिओग्राफी झाली का, आणि मज्जारज्जूची धमनी कुठून निघते?

चालतील का? बऱ्याच जणांचं चालणं सुधारतं, लघवीचं मात्र हट्टी असतं. जोड बंद झाल्यावर पुढची घसरण थांबते, पण मागचं किती परत येईल याचा शब्द कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फिजिओथेरपी लगेच सुरू करायची, आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा एमआरआय.

तोवर चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घ्या. आणि ती गरम पाण्याची पिशवी आजच बंद करा. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्याला चटकाही कळणार नाही. पायमोजे घाला.